एकेचाळीस कानांतलं पाणी

तेजल गावंडेने परतवाड्याच्या श्रवण केंद्रातल्या मेल सर्व्हरवर व्हायरस तपासणारा प्रोग्राम बसवला तो दिवस शनिवार होता. त्याच दुपारी तिची आई घरी खिडकीशी बसून पाणी ऐकत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

केंद्र लहान होतं. तीन खोल्या, एक आवाजबंद कक्ष, कानाच्या डॉक्टर फरहत काझी आणि तेजल. मॅडम कान बघत, आणि जे जे विजेवर चालतं ते तेजल बघे. केंद्राचे तीनशे बारा रुग्ण होते. त्यांतले निम्मे मेळघाटच्या डोंगरात राहत. प्रत्येकाच्या कानामागे, कातडीखाली, एक यंत्र बसवलेलं होतं. त्या यंत्रातून केसाएवढी तार निघून कानाच्या आतल्या शंखात उतरत असे. तारेवर चौसष्ट बिंदू. बाहेरचा आवाज चौसष्ट पट्ट्यांत वाटला जाई, जाडे आवाज एका टोकाला, बारीक दुसऱ्या टोकाला, आणि ज्या पट्टीत आवाज आला तो बिंदू नसेला हलकेच वीज देई. मेंदूला ते ऐकू येणं वाटे. कोणत्या बिंदूने किती वीज द्यायची, याचा एक तक्ता असे. त्याला केंद्रात सगळे नकाशा म्हणत.

मेंदू बदलत राहतो, म्हणून दर महिन्याला नकाशाही थोडा बदलावा लागतो. पूर्वी त्यासाठी माणसाला परतवाड्याला यावं लागे. आता नकाशा मेलने जाई. प्रत्येक रुग्णाची केंद्राच्या सर्व्हरवर एक टपालपेटी होती. घरी चार्जिंगची डबी असे. माणूस कानामागची बाहेरची चकती काढून डबीत ठेवी, डबी पेटीतून नवा नकाशा उचली आणि महिनाभराचा अहवाल उलट्या मेलने पाठवून देई. पत्र आलं आणि गेलं हे रुग्णाला कळतही नसे.

नोव्हेंबरात आरोग्य कार्यालयाचं पत्र आलं. ज्या सर्व्हरवर व्हायरसची तपासणी नाही, तिथून रुग्णांच्या यंत्रांना महिनाअखेरनंतर काहीही पाठवू नये.

"म्हणजे डोंगरातल्या सेमाडोहच्या माणसाने पुन्हा एसटीने यायचं," काझी मॅडम म्हणाल्या. "काही करता येईल?"

"मोफत मिळणारा एक आहे," तेजल म्हणाली. "जगभरातले लोक मिळून चालवतात. बसवायला जरा किचकट आहे, पण बसेल."

बसवण्याची कल्पना साधी होती. येणारं आणि जाणारं प्रत्येक पत्र दारात थांबवायचं, तपासनीसाच्या हाती द्यायचं, त्याने ते उघडून खूणयादीशी ताडून बघायचं, ठीक असेल तरच पुढे सोडायचं. खूणयादी रोज सकाळी नवी होई. कुठल्या तरी देशातल्या कुणाला तरी नवा व्हायरस सापडला की तो त्याची खूण आणि दोन ओळींचं टिपण यादीत टाकी. गेल्या काही वर्षांत त्यात शरीरात बसवलेल्या यंत्रांसाठी एक वेगळा भाग झाला होता. हृदयाची, कानाची, साखर मोजण्याची.

प्रत्यक्षात अर्धा दिवस गेला. यादी इतकी मोठी झाली होती की ती उघडताच जुन्या सर्व्हरची मेमरी भरली आणि तपासनीस बसल्या जागी झोपला. दारातली पत्रं दारात साचली. तेजलने नको असलेल्या सेवा बंद केल्या, मेमरी मोकळी केली, एका वेळी किती पत्रं घ्यायची ते कमी केलं. मग तिने स्वतःलाच एक पत्र पाठवलं. त्याला जोडलेली फाइल खोटी होती, कुणाला काही न करणारी, तपासनीस जागा आहे का एवढंच बघण्यासाठी बनवलेली. पत्र दारात अडलं. पडद्यावर लाल ओळ आली. तेजलला बरं वाटलं. तिने जुन्या सगळ्या पेट्याही तपासायला लावल्या आणि चहा करायला उठली.

ती परत आली तेव्हा पडद्यावर एकेचाळीस लाल ओळी होत्या. एकेचाळीस पेट्या, प्रत्येकीत तीच खूण. खाली कुणीतरी परदेशातून लिहिलेलं टिपण होतं: नकाशात राहतो, स्वतःची नक्कल करतो, शांत पट्ट्या व्यापतो. अठराव्या ओळीत आईचं नाव होतं. प्रमिला गावंडे.

*

प्रमिलाबाईंनी एकतीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत काढली होती. साठीच्या आत एका तापात त्यांचे कान गेले. पाच वर्षं घरात पूर्ण शांतता होती. मग यंत्र बसलं आणि दोघी मायलेकी पुन्हा बोलू लागल्या, म्हणजे लागल्या असं तेजलला वाटत होतं.

"आई, तुला कानात काही वेगळं ऐकू येतं का?" तिने त्या संध्याकाळी विचारलं.

आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तुले कसं कळलं?"

"येतं?"

"दिवाळीपासून. पहिले वाटलं, नळ चालू राह्यला. उठून पाहून आले. नळ बंद." आई खिडकीकडे वळली. "मग समजलं, लांबचं पाणी आहे. दगडावरून वाहते तसं. दुपारी सगळे शांत झाले की जवळ येते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मॅडमकडे नेलं असतं."

ते खरं होतं.

"आणि त्या पाण्याच्या पलीकडे कोणीतरी काही सांगते," आई म्हणाली. "शब्द लागत नाही अजून. पण लागतील, असं वाटते. एखाद्या दिवशी."

*

एकेचाळीस जणांना बोलावून घेतलं. दहा दिवस ते येत राहिले आणि काझी मॅडमच्या समोर बसून सांगत राहिले. एका शिक्षिकेला सागाच्या पानांतून जाणारा वारा ऐकू येत होता. एका शिंप्याला दूरच्या खोलीत चालणारी मशीन. दोघा भावांना एकच आवाज येत होता, पण एक म्हणे मधमाश्या आहेत, दुसरा म्हणे माणसं जेवायला बसली आहेत. बाकी बहुतेकांना पाणी. सांगताना सगळ्यांचे चेहरे सैल होत. कुणीही तक्रार घेऊन आलं नव्हतं.

मॅडमनी तोवर माग काढला होता. व्हायरसचा मूळ तुकडा, म्हणजे प्रोग्रामच्या थोड्या ओळी, बहुधा औषध म्हणूनच लिहिला गेला असावा. ज्यांचे कान सतत वाजतात त्यांच्यासाठी एक मंद सरसर, वाजणं झाकण्यासाठी. जिथे शांतता दिसेल तिथे ती भर, एवढाच हुकूम त्यात होता. कुणीतरी तो नीट बंद केला नाही. तुकडा नकाशातून अहवालात, अहवालातून सर्व्हरवर, सर्व्हरवरून दुसऱ्याच्या नकाशात उतरत गेला.

"त्रास कोणालाच नाही. मग राहू दिला तर?" तेजलने विचारलं.

मॅडमनी आईचा नकाशा पडद्यावर आणला. चौसष्ट उभ्या रेघा. उजवीकडच्या अकरा रेघा सपाट झाल्या होत्या, सगळ्या एका उंचीच्या, कापलेल्या गवतासारख्या.

"या पट्ट्या आता तिच्या नाहीत. तिथे फक्त तो तुकडा वाजतो. बारीक आवाजांपासून सुरुवात करतो. आधी पक्षी, मग स, श, च. तुझ्या लक्षात आलं नाही?"

तेजलच्या लक्षात आता आलं. साखर मागितली तर आई चुकीचं ऐकून मीठ देत नव्हती, काहीच देत नव्हती. हसून मान हलवत होती.

"पुढे लहान मुलांचे आवाज," मॅडम म्हणाल्या. "मग बायकांचे. वर्षभरात तुझा."

एकोणचाळीस जणांनी होकार दिला. नकाशा पुसायचा, मेंदूने तो आवाज विसरावा म्हणून दोन दिवस यंत्र बंद, तिसऱ्या दिवशी स्वच्छ नकाशा. काहींनी जाताना विचारलं की तो आवाज परत येईल का, आणि मॅडमनी नाही म्हटल्यावर ते थोडा वेळ दारात थांबले.

दोघांनी नकार दिला. एक सेमाडोहच्या पलीकडचे रामजी कासदेकर, निवृत्त वनरक्षक. दुसरी तेजलची आई.

*

"तुला पुढे काही ऐकू येणार नाही," तेजल म्हणाली. "मी बोललेलं येणार नाही."

"ती पाच वर्षं आठवतात तुले?" आईने विचारलं. आवाजात राग नव्हता. "तू मोबाइलवर लिहून दाखवायची. जेवण झालं. बाहेर जाते. गोळी घे. दिवसातून सात-आठ शब्द. मी ते वाचायची आणि वाट पाहायची, की अजून काही लिहिते का."

"मला काम असायचं, आई."

"असणारच. मी काहून नाही म्हणू." आईने डोळे मिटले. "पण हे पाणी मले टाकून कुठं जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजल सर्व्हरसमोर बसली. तपासनीसाच्या मांडणीत प्रत्येक पेटीपुढे एक शब्द लिहायचा असतो. अडकवलेल्या पत्राचं काय करायचं, ते त्या शब्दावर ठरतं. आईच्या पेटीपुढे 'ठेवा' लिहिलेलं होतं. तिने ते खोडून 'साफ करा' लिहिलं. एवढंच. सोमवारी आईची डबी पेटीतून पत्र उचलेल, तुकडा काढलेला नकाशा कानात जाईल. आईला वाटेल पाणी आटलं. उन्हाळा यायचाच होता.

ती दुपारी घरी जेवायला गेली. आईने भाकऱ्या केल्या होत्या आणि वांग्याची भाजी. जेवताना आई मध्येच थांबली. हात ताटावर तसाच राहिला. ऊन खिडकीतून तिच्या कानावर पडलं होतं आणि कानामागची छोटी चकती त्यात चमकत होती.

"आज जरा जवळ आलं," ती म्हणाली. "मले वाटलं, तुले सांगावं."

तेजल केंद्रात परतली आणि शब्द होता तसा केला. खोलीत सर्व्हरचा पंखा फिरत होता. आपण दारातल्या तपासनीसापेक्षा शहाणे नाही, असं तिला वाटलं. तो निदान पत्र अडवतो तेव्हा लाल ओळ तरी दाखवतो.

*

तो तुकडा ऐकून बघायची कल्पना काझी मॅडमची. जगाशी न जोडलेल्या एका यंत्रावर तेजलने तो नकाशातून सोडवला, त्याचे आकडे पुन्हा आवाजात फिरवले आणि स्पीकर लावला. दोघी पुढे वाकून ऐकत बसल्या.

खरखर होती. रेडिओवर स्टेशन न लागल्यावर येते तशी. वर नाही, खाली नाही, जवळ नाही, लांब नाही. तेजलने दहा मिनिटं ऐकलं. पाण्याचा थेंब नव्हता.

"असंच असणार," मॅडम हळू म्हणाल्या. "मेंदूला अर्थ नसलेला आवाज सहन होत नाही. अंधाऱ्या खोलीत खुंटीवरच्या शर्टाचा माणूस होतो ना, तसं. ज्या पट्टीवर बहुतेक वेळ शांतताच असे, तिथे सतत काहीतरी येऊ लागलं. मग ज्याने त्याने आपल्याजवळचं काढून त्यावर पसरलं."

तेजल तो स्पीकर घेऊन घरी गेली. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तेजलने तिच्यासमोर स्पीकर ठेवला आणि लावला.

"हे ते आहे. तुझ्या कानात जे आहे ते हे."

आईने ऐकलं. मग शेंगांचे हात पुसून तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि थरथर बघितली, ताप बघावा तशी.

"याच्यात पाणी नाही," ती म्हणाली.

"नाही. पाणी तू करतेस."

"आणि पलीकडचं?"

"पलीकडे कोणी नाही, आई. तेही तूच."

आईने हात काढला नाही. शेजारच्या गच्चीवर कुणी तरी गाद्या झोडपत होतं, ते दोघींनाही ऐकू येत होतं. मग आई म्हणाली, "बंद कर," आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

दोन दिवस ती त्याबद्दल बोलली नाही. खिडकीशी बसायची, पण डोळे उघडे ठेवून. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने कप खाली ठेवला.

"मी इतके दिवस वाट पाहत होते की ते काय सांगते," ती म्हणाली. "आणि ते माझंच. म्हणजे मलेच ठाऊक नाही मले काय म्हणायचं आहे. असं किती दिवस बसणार मी?"

तेजलने तिच्या कपात आणखी चहा ओतला.

"पुसून टाक म्हणावं मॅडमले. दोन दिवस बंद राहते ना ते? त्या दोन दिवसांत तू घरी राहशील?"

"राहीन."

*

ते दोन दिवस तेजलला पुढे नेहमी एका लांबच लांब दुपारसारखे आठवत राहिले. आईला काही ऐकू येत नव्हतं. तेजलने मोबाइल कपाटात ठेवून दिला होता, म्हणून लिहून दाखवायलाही काही नव्हतं. दोघी गच्चीवर बसल्या. आईने बोटाने दाखवलं की त्या घरावर नवा रंग दिला आहे. तेजलने मान हलवली. आईने तिचे केस मोकळे करून तेल लावलं, जे तिने बारा-तेरा वर्षांत केलं नव्हतं. चिखलदऱ्याकडचे डोंगर निळे, मग राखाडी, मग पुन्हा निळे झाले. एकदा आई हसली, कशाला ते कळलं नाही, आणि तेजलही हसली. शब्दांशिवाय दिवस एवढा भरलेला असतो हे तिला माहीत नव्हतं. त्या पाच वर्षांत आईला तो कसा लागला असेल याचा विचार मात्र तिला सारखा येत होता, आणि त्याबद्दल आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी केंद्रात मॅडमनी चकती लावली.

"प्रमिलाताई, ऐकू येतंय?"

आईने मान हलवली. मग तेजलकडे वळली. "तू बोल."

"काय बोलू?"

आई ऐकत राहिली, पुढचं काही येईल म्हणून नव्हे, जे आलं तेच पुन्हा तपासून पाहिल्यासारखी. "तुझा आवाज बारीक आहे," ती म्हणाली. "मी जाडा समजत होते."

घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "ते शीर शीर वाजते ते काय?"

"चाकं. रस्त्यावर वाळू आहे."

आईने ते मनात ठेवलं. पाण्याचं नाव तिने काढलं नाही. पण नंतर कित्येक दिवस दुपारी ती कामं काढून बसे. खिडकीशी बसलेली तेजलला ती दिसली नाही.

*

कासदेकरांनी सही करून दिली होती की पुढे जे होईल ते मला माहीत आहे. तपासनीस त्यांची पत्रं दर महिन्याला दारात अडवी, आणि दर महिन्याला तेजल एक वेगळं यंत्र घेऊन त्यांच्या गावी जाई, उरलेल्या पट्ट्यांपुरता नकाशा हाताने सुधारून देई. तुकडा कुणाकडे जाऊ शकत नव्हता. फक्त त्यांच्यात वाढत होता.

मार्चमध्ये आईने विचारलं, "मी येऊ तुझ्याबरोबर?"

जीपने दोन तास लागले. उतारावर पळस फुलला होता. कासदेकर कुडाच्या भिंतीच्या घरापुढे ओट्यावर बसले होते, वाळक्या अंगाचे, पांढऱ्या मिशांचे. तेजलने त्यांचा नकाशा उघडला. बावीस रेघा सपाट झाल्या होत्या. मागच्या महिन्यात एकोणीस होत्या.

"काका, अजून वेळ आहे," ती जवळ जाऊन, सावकाश म्हणाली. "पुसलं तर सगळं परत येईल."

"तू सांगितलं ना बाई, ते माझ्याच डोक्यातलं आहे."

"हो."

"मग तर ते माझंच झालं." ते शांतपणे म्हणाले. "चौतीस वर्षं मी या जंगलात पायी फिरलो. कान गेले तेव्हा सगळं बंद झालं. आता डोळे मिटले की मी नाल्याकाठी असतो. माणसांचं बोलणं मी पुष्कळ ऐकलं."

तेजलने आईकडे बघितलं. आईला सांगितलेली गोष्ट या माणसालाही सांगितलेली होती, आणि त्याने ती उचलून दुसऱ्याच बाजूला नेली, हे तिच्या लक्षात आलं असावं. ती ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"मलेही होतं," ती म्हणाली.

त्यांना ते नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, जाड्या आवाजात, हाताने कान दाखवत. कासदेकरांनी तिच्याकडे नव्याने पाहिलं.

"काढलं?"

"काढलं."

"हं." ते म्हणाले. त्यात बरं-वाईट काही नव्हतं.

तेजल यंत्र गुंडाळू लागली. जीपवाल्याने हॉर्न दिला. घाटात दुपारनंतर रस्त्याचं काम चालू असल्यामुळे लवकर निघायला हवं होतं. एक पाखरू आंब्यावर बारीक शीळ घालत होतं. आईने मान वर करून ते शोधलं. कासदेकरांनी मान हलवली नाही.

"आत्ता आहे?" आईने विचारलं.

"आहे."

"काय करते?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "मोठ्या दगडाला वळसा घालून येते," ते म्हणाले. "तिथं जरा खोल आहे, म्हणून आवाज नाही. मग खाली रेती लागते. तिथं पसरते."

"पुढं?"

"पुढं काठावर जांभळं आहेत. पानं पडतात पाण्यात, तेही समजते." ते थांबले. "आणि पलीकडच्या काठानं कोणीतरी चालते. रोज चालते."

आई त्यांच्याकडे आणखी सरकली. "बाई आहे की माणूस?"

"थांबा," कासदेकर म्हणाले, "सांगतो."

जीपवाला खाली उतरून घड्याळ दाखवत होता. तेजलने त्याला हाताने थांबायला सांगितलं, यंत्राची पेटी जमिनीवर ठेवली आणि ओट्याच्या कडेला, आईच्या पलीकडे, जागा करून बसली.